कोकणातली गाडी: पाऊस, घाट आणि सर्व्हिसिंगबद्दल गॅरेजमध्ये नेहमी विचारले जाणारे प्रश्न

चिपळूण आणि आसपासच्या भागात गाडी वापरणाऱ्यांचे हे प्रश्न आहेत. इथे चार महिने धो धो पाऊस, वर चढायला कुंभार्ली घाट, मुंबईकडे जायला परशुराम घाट आणि गुहागरकडे खारा वारा. त्यामुळे कंपनीच्या पुस्तकातले वेळापत्रक पाळूनही काही गोष्टी इथे लवकर कराव्या लागतात. त्या कोणत्या आणि का, ते खाली सांगितले आहे.

गाडी वर्षाला चार हजार किलोमीटरच फिरते. तरी ऑइल बदलायचे का?

हो, दर वर्षी. बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात ‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते’ असे लिहिलेले असते आणि लोक त्यातला फक्त पहिला अर्धा भाग लक्षात ठेवतात. घर ते बाजार, बाजार ते घर अशी दोन-तीन किलोमीटर फिरणारी गाडी खरे तर जास्त त्रासात असते. इंजिन पुरते तापायच्या आत बंद होते, आतली वाफ बाहेर पडत नाही आणि तिचे पाणी ऑइलमध्ये उतरते. ऑगस्टमध्ये अशा गाडीचे ऑइलचे झाकण उघडले की आतून पिवळसर सायीसारखा थर दिसतो. असा थर दिसला तर गाडी एकदा अर्धा तास महामार्गावर सलग चालवा. तो गेला तर ठीक. परत परत येत असेल आणि कूलंटही (इंजिन थंड ठेवणारे द्रव) कमी होत असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधले पॅकिंग, तपासून घ्या.

ऑइलचा ग्रेड पुस्तकात दिलेलाच वापरा. ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात ‘इथे उष्णता जास्त’ म्हणून २०डब्ल्यू-५० घालू नका. सकाळी सेल्फ मारल्यावर ते जाड ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ इंजिन कोरडे फिरते. लहान पेट्रोल गाड्यांना फिल्टरसकट साधारण तीन ते साडेतीन लिटर ऑइल लागते. जास्त भरणेही वाईट, कारण क्रँक (इंजिनातला फिरणारा दांडा) त्यात बुडतो, ऑइलचा फेस होतो आणि फेसाला दाब धरत नाही. इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबा, गाडी सपाट जागेवर ठेवा आणि मग ऑइल मोजायची पट्टी बघा. दोन खुणांच्या मध्ये किंवा वरच्या खुणेच्या थोडे खाली असले की पुरे.

ऑइल बदलताना समोर उभे राहणार असाल तर दोन गोष्टी बघा. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घातला का, आणि जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना. एकावर एक दोन रिंगा बसल्या तर काही किलोमीटरमध्ये सगळे ऑइल रस्त्यावर येते.

पावसाळ्याआधी नक्की काय काय बघून घ्यायचे?

मे महिन्याच्या शेवटच्या पंधरवड्यात गाडी आणा. जूनमध्ये सगळेच येतात आणि घाईत काम नीट होत नाही. ब्रेक, टायर, वायपर, बॅटरी आणि दिवे या गोष्टी लोकांना माहीत असतात. वायपरचे रबर उन्हाने कडक होते, म्हणून ते दर वर्षी मेअखेर बदला. ब्लेड नवे असूनही काच धूसर राहत असेल तर काचेवर तेलकट थर बसलेला आहे, तो आधी काढून घ्या.

विसरली जाते ती पाणी वाहून जाण्याची वाट. पुढच्या काचेखाली, बॉनेटच्या कडेला जाळीचा एक पत्रा किंवा प्लॅस्टिकचा भाग असतो. काचेवरचे पाणी तिथे उतरते आणि दोन्ही बाजूंच्या भोकांतून खाली जाते. गाडी आंब्याखाली किंवा फणसाखाली उभी राहत असेल तर ही भोके पानांनी आणि मोहोराच्या कचऱ्याने गच्च भरतात. मग पाणी तुंबून ब्लोअरमधून आत येते आणि डाव्या बाजूचे फूटमॅट ओले होते. कारण कळत नाही म्हणून लोक दाराचे रबर बदलून बसतात. आधी ती जाळी साफ करा, एक तांब्या पाणी ओता आणि ते चाकामागून खाली पडते का बघा. दारांच्या खालच्या कडेला असलेली लहान भोकेही तारेने मोकळी करा. सनरूफ असेल तर त्याच्या चारही कोपऱ्यांतल्या नळ्या तपासा.

टायर किती झिजले की बदलायचे?

कायद्याने १.६ मिलीमीटर खोली लागते. टायरच्या खाचांमध्ये बारीक उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की ती मर्यादा झाली. पण इथल्या पावसात तेवढी वाट पाहू नका, तीन मिलीमीटर राहिले की टायर बदला. खाचांचे काम पाणी बाहेर फेकण्याचे असते. खाच उथळ झाली की वेग वाढताच टायर पाण्याच्या थरावर तरंगतो आणि तेवढ्या क्षणी ना स्टिअरिंग ऐकते ना ब्रेक.

खोली भरपूर असली तरी वय बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २४२१ म्हणजे २०२१ सालातला चोविसावा आठवडा. पाच-सहा वर्षे झाली की रबर कडक होते, बाजूला बारीक भेगा पडतात आणि ओल्या रस्त्यावर पकड जाते. कमी फिरणाऱ्या गाड्यांमध्ये हे हमखास दिसते.

दोनच टायर नवे घ्यायचे असतील तर नवे मागे लावा, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असली तरी. मागचे टायर घसरले तर गाडी गर्रकन फिरते आणि ती सावरणे अवघड असते.

हवा दाराच्या चौकटीवर लिहिलेली असते तेवढीच, आणि थंड टायरमध्ये भरा. ‘पावसात पकड चांगली राहते’ म्हणून हवा कमी करणे चूक आहे. त्याने टायर पाण्यावर आणखी लवकर तरंगतो.

कुंभार्ली उतरताना ब्रेकचा जळका वास येतो. ब्रेक खराब झालेत का?

बहुतेक वेळा ब्रेक चांगले असतात, वापरायची पद्धत चुकलेली असते. पोफळीपर्यंतच्या उतारावर गाडी चौथ्या गिअरमध्ये सोडून पाय सतत ब्रेकवर ठेवला तर डिस्क आणि पॅड इतके तापतात की पकड कमी होते. नियम सोपा आहे. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे बहुतेक वळणांवर दुसरा, मोकळ्या जागी तिसरा. वेग इंजिनाने धरू द्या. ब्रेक थोडा जोरात दाबून वेग कमी करा आणि सोडा, परत गरज लागली की दाबा. ऑटोमॅटिक गाडीत एल, २ किंवा मॅन्युअल मोड याचसाठी दिलेला असतो.

न्यूट्रलमध्ये टाकून किंवा इंजिन बंद करून घाट कधीही उतरू नका. इंजिन बंद असले की दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि स्टिअरिंग जड होते. त्यात वाचलेले पेट्रोल चमचाभरही नसते, कारण आताच्या गाड्यांमध्ये गिअरमध्ये उतरताना, ॲक्सिलरेटर सोडलेला असताना इंजेक्टर इंधन देतच नाहीत.

पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल तर ते दुखणे वेगळे आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते. डॉट ३ चे नवे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शिरल्यावर हा आकडा १४० पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळले की पाइपमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जाते. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला, गाडी कितीही कमी फिरलेली असो. फक्त वरच्या डब्यातले काढून नवे भरणे म्हणजे बदलणे नव्हे. चारही चाकांच्या ब्रेकवर असलेल्या निपलमधून (ऑइल बाहेर काढायची लहान नळी) स्वच्छ ऑइल येईपर्यंत जुने काढावे लागते. लहान गाडीला साधारण पाऊण ते एक लिटर पुरते.

घाटातच पेडल खाली गेले तर पटापट पंप करा, एकेक गिअर खाली घ्या आणि हँडब्रेक हळूहळू ओढा, झटक्यात नको. थांबल्यावर तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होते आणि नंतर ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरते.

क्लच प्लेट गेली हे कसे ओळखायचे?

चौथ्या गिअरमध्ये, ताशी ४० च्या आसपास, चढावर ॲक्सिलरेटर जोरात दाबा. इंजिनाचा आवाज आणि आरपीएम चढतात पण गाडी वेग घेत नाही, म्हणजे प्लेट घसरते आहे. चढावर गाडी अर्ध्या क्लचवर धरून ठेवणे हे इथले पहिले कारण. थांबलात की हँडब्रेक लावा आणि निघताना तो सोडा. काम करताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्र बदला. गिअरबॉक्स खाली उतरवण्याची मजुरी एकदाच द्यावी लागते. त्याच वेळी क्रँकचे मागचे ऑइल सील गळत नाही ना, तेही बघून घ्या.

घाट चढताना गाडी तापली. काय करायचे?

काटा मध्याच्या वर सरकताच एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात ठेवा. आत घाम फुटेल, पण इंजिनातली बरीच उष्णता तिथून निघून जाते. सुरक्षित जागा बघून थांबा. वाफ येत असेल किंवा लाल दिवा लागला असेल तर इंजिन लगेच बंद करा. त्यानंतर किमान अर्धा-पाऊण तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. आत दाबाखाली असलेले शंभर अंशांवरचे पाणी झाकण सैल होताच उसळते आणि चेहरा-हात भाजतात. थंड झाल्यावरही जाड फडके धरून पाव वळसा द्या, दाब जाऊ द्या, मग उघडा.

एक धोका लक्षात ठेवा. पाणी पूर्ण गेले असेल तर काटा कधी कधी खालीच राहतो. सेन्सर पाण्यात बुडालेला नसतो, त्याला खरे तापमान कळत नाही. काटा ठीक दिसतोय पण हीटरमधून थंड हवा येते आणि पिकअप गेला, तर आधी पाणी बघा.

‘घरी पोचू कसेतरी’ हा निर्णय सगळ्यात महाग पडतो. ॲल्युमिनियमचे हेड वाकते, गॅस्केट उडते, आणि शे-दोनशे रुपयांच्या होजपाइपसाठी हेड उतरवायची वेळ येते. गॅस्केट उडाल्याच्या खुणा: कूलंटच्या डब्यात सतत बुडबुडे, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर, ऑइलचा रंग चहासारखा दुधी.

कूलंटऐवजी विहिरीचे किंवा नळाचे पाणी अडचणीच्या वेळी चालेल, कायम नाही. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि वॉटर पंप गंजतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे घ्या. तयार मिश्रणाचा डबा असेल तर त्यात पाणी घालू नका. फक्त रंग सारखा म्हणून दोन जातींचे कूलंट एकत्र करू नका, रंगाला कुठलाही ठरलेला नियम नाही.

रस्त्यावर पाणी आहे. गाडी घालायची का? मध्येच बंद पडली तर?

पाणी चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर तेवढीच मर्यादा, आणि तीही पाणी वाहते नसेल तर. वाहत्या पाण्यात गाडी घालूच नका. खोली कळत नसेल तर समोरून एखादी गाडी येईपर्यंत थांबा. जायचेच असेल तर पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, गिअर न बदलता एकसारख्या संथ वेगाने जा. समोरून एसटी किंवा ट्रक येत असेल तर त्याला आधी जाऊ द्या. त्याची लाट बॉनेटपर्यंत येते आणि बऱ्याच गाड्यांमध्ये इंजिनाला हवा घेणारे तोंड पुढच्या जाळीच्या मागेच असते.

गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. एकदाही नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कारण पाणी हवेसारखे आकसत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो. न मारलेल्या सेल्फमुळे काम प्लग काढणे, पाणी काढणे, ऑइल-फिल्टर बदलणे एवढ्यावर निभावते. मारलेल्या सेल्फने पूर्ण इंजिन उघडावे लागते. साध्या विमा पॉलिसीत हे दुसऱ्या प्रकारचे नुकसान सहसा नाकारतात, म्हणून कोकणात राहणाऱ्याने इंजिन संरक्षणाचे ॲड-ऑन घ्यावे आणि त्याच्या अटी घेतानाच वाचाव्यात.

पाण्यातून सुखरूप बाहेर पडलात तर शे-दोनशे मीटर ब्रेक हलका दाबत चला, लायनर कोरडे होतात.

गाडी पुरात पूर्ण बुडाली होती. ती पुन्हा चालेल का?

पाणी कुठवर आले त्यावर हे ठरते. २०२१ च्या जुलैमध्ये वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हापासून हा प्रश्न इथे दर पावसात येतो. पाणी सीटच्या खाली राहिले असेल तर गाडी नीट होऊ शकते. डॅशबोर्डपर्यंत गेले असेल तर वायरिंग, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), एअरबॅगचे मॉड्यूल असा खर्च वाढत जातो. दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी ‘टोटल लॉस’, म्हणजे पूर्ण गेलेली, धरते.

किल्ली फिरवू नका, दारे सेन्ट्रल लॉकने उघडायचा प्रयत्नही नको. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पाण्याची खूण दिसेल असे आतले-बाहेरचे फोटो काढा आणि गाडी हलवण्याआधी विमा कंपनीला कळवा. टोचन लावून ओढण्यापेक्षा गाडी उचलून नेणारी क्रेन मागवा.

पुराचे पाणी म्हणजे नुसते पाणी नसते, त्यात लाल गाळ असतो. तो अल्टरनेटरमध्ये, सेल्फमध्ये, व्हील बेअरिंगमध्ये, ब्रेक ड्रममध्ये बसतो आणि वाळला की घासपट्टीचे काम करतो. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत गाडी उघडणे महत्त्वाचे. सीट आणि कार्पेट पूर्ण बाहेर काढायचे, खालचा फोम काढून वाळवायचा, नाहीतर पंधरा दिवसांत बुरशीचा वास बसतो आणि तो जात नाही. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, सगळे बदलायचे. इंजिन ऑइल भरून थोडे चालवून लगेच दुसऱ्यांदा बदलायचे. प्रत्येक कनेक्टर उघडून साफ करायचा. हे शेवटचे काम कंटाळवाणे आहे आणि तेच टाळले जाते. मग सहा महिन्यांनी कधी पॉवर विंडो, कधी सेन्सर अशा तक्रारी सुरू होतात.

जुनी गाडी घेताना याच जागा बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला मातीची रेघ आहे का. सीटच्या रुळांवर गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, दिव्यांच्या आत पाण्याचे डाग.

गाडी गणपतीला येते आणि मग महिनाभर उभीच असते. काय काळजी घ्यावी?

हँडब्रेक ओढून ठेवू नका. दमट हवेत मागचे लायनर ड्रमला चिकटतात आणि महिन्याने गाडी हलतच नाही. सपाट जागा, पहिला गिअर आणि चाकाखाली दगड किंवा लाकडी ठोकळा. टायरमध्ये दोन-तीन पीएसआय हवा जास्त भरा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. वायर काढायची नसेल तर आठवड्यातून एकदा गाडी वीस मिनिटे प्रत्यक्ष चालवा. जागेवर पाच मिनिटे सुरू करून ठेवल्याने बॅटरी भरत नाही, उलट सेल्फमध्ये खर्च झालेलेही परत येत नाही. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या खाली गेली तर चार्जरला लावा.

उंदीर हा इथला खरा त्रास. ते पावसात कोरडी जागा शोधत इंजिनावर येतात आणि वायरी कुरतडतात. गाडीत खाण्याचा कणही ठेवू नका, एसीच्या हवेच्या तोंडाला बारीक तारेची जाळी बसवून घ्या आणि अधूनमधून बॉनेट उघडे टाका. तंबाखूची पाने काही दिवस काम करतात, वास गेला की बदलावी लागतात. डांबराच्या गोळ्या टाळा, तो वास एसीतून आत येतो. कुरतडलेली वायर नुसती टेपने गुंडाळू देऊ नका. सोल्डर करून वर आकसणारी नळी बसवली तरच पुढच्या पावसात टिकते.

खालून अँटी-रस्ट कोटिंग करावे का?

समुद्राजवळ राहत असाल तर करावे, पण कोरड्या पत्र्यावर. ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर कोटिंग मारले की ओल आत कोंडते आणि गंज झाकून वाढतो. एप्रिल-मे हा त्याचा काळ. सायलेन्सर, ब्रेकचे भाग आणि पाणी जाण्याची भोके कोटिंगने भरलेली नाहीत ना, हे काम झाल्यावर स्वतः खाली वाकून बघा. गुहागर-दापोलीच्या किनाऱ्यावर गाडी वाळूत नेली असेल तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा.

एसीचा गॅस दर वर्षी भरावा लागतो का?

नाही. तो संपणारी वस्तू नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतो आहे. आधी गळती शोधायला सांगा, मग सुमारे अर्धा तास व्हॅक्यूम (पाइपमधली हवा आणि ओल ओढून काढणे), आणि मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेले ग्रॅम मोजून गॅस. अंदाजाने जास्त भरला तर एसी उलट कमी थंड होतो आणि कंप्रेसरवर ताण येतो. गार हवा कमी येते म्हणून आलेल्या बऱ्याच गाड्यांत केबिन फिल्टर भरलेला असतो. तो डॅशबोर्डच्या ग्लोव्ह बॉक्समागे असतो आणि बहुतेक गाड्यांत पाच मिनिटांत बदलता येतो.

माझी गाडी जुनी आहे. ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेले) पेट्रोल चालेल का?

एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे रबर आणि धातूचे भाग ई-२० साठी केलेले आहेत. त्याआधीच्या गाडीसाठी झाकणाच्या आत आणि पुस्तकात काय लिहिले आहे ते बघा. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटणारच. जुन्या गाडीत इंधनाचे रबरी पाइप आणि सील दर सर्व्हिसिंगला हाताने दाबून बघा. फुगलेले, चिकट किंवा भेगाळलेले असतील तर बदला. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी रिकामी ठेवू नका.

चेक इंजिनचा दिवा लागला. गाडी थांबवायची का?

पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर दोन-चार दिवसांत स्कॅनरवर दाखवा. दिवा लुकलुकत असेल आणि इंजिन अडखळत असेल तर वेग कमी करा आणि लवकर थांबा. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा भाग) जाऊन त्याला जाळते आणि तो भाग फार महाग असतो. लाल ऑइलचा दिवा लागला तर तिथेच बंद, पुढचे वळणही घेऊ नका.

स्कॅनरवर आलेला कोड हे निदान नसते. पी०१७१ आला म्हणजे इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे एवढेच. कारण फाटलेला व्हॅक्यूम पाइप असू शकते, मळलेला हवेचा सेन्सर असू शकते किंवा पंप. कोड बघून थेट सेन्सर बदलायला सांगितले तर ‘तपासले काय काय?’ असे विचारा.

सीएनजी गाडीला वेगळे काय?

सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) दर तीन वर्षांनी, त्याची पाटी सिलिंडरवर असते. एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग पेट्रोल गाडीपेक्षा काटेकोरपणे बदला, सीएनजीला ठिणगी जास्त जोरकस लागते. रोज निदान काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा, नाहीतर इंजेक्टर आणि पंप पडून राहून बिघडतात. बाहेरून किट बसवले असेल तर आरसीवर नोंद हवीच.

बदललेले जुने पार्ट परत मागावेत का?

जरूर मागा, आणि बिलावर पार्टचे नाव, कंपनी आणि मजुरी वेगळी लिहून घ्या. ब्रेक पॅड बदलले असतील तर जुन्याची जाडी बघा. तीन मिलीमीटरच्या आसपास असेल तर काम वेळेवर झाले. सात-आठ मिलीमीटर शिल्लक असेल तर का बदलले ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. फक्त बॅटरी याला अपवाद आहे, ती दुकानातच देऊन जुन्याची किंमत वजा करून घ्या. तिच्यातले शिसे आणि आम्ल घराच्या मागे पडून राहू नये.